दार ठोठावून मोजलेली साथ: इंग्लंडमधल्या घरोघरच्या कोविड सर्वेक्षणाचा अभ्यास

एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे आकडे रोज जाहीर होत होते, तरीही त्या घडीला देशात एकूण किती लोक बाधित आहेत हे कोणालाच सांगता येत नव्हते. १२ मार्चला सरकारने घरीच असलेल्या, सौम्य लक्षणांच्या लोकांची चाचणी थांबवली होती. त्यानंतर मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांचीच तपासणी होत होती. पुढे त्यात आरोग्य कर्मचारी आणि अत्यावश्यक सेवेतले लोक आले. एप्रिलअखेर रोज एक लाख चाचण्या करण्याचे उद्दिष्ट आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी जाहीर केले. आता चाचण्या वाढल्या की सापडणारे बाधितही वाढणारच. मग आकडा साथ पसरते आहे म्हणून वाढला, की तपासलेली माणसे वाढली म्हणून? रोजच्या आकड्यांतून याचे उत्तर निघत नव्हते, कारण कोणाला तपासायचे याचा नियमच सारखा बदलत होता.

निव्वळ चाचण्या वाढवून ही अडचण सुटत नाही. रोज एक लाखाच्या जागी दहा लाख चाचण्या केल्या, पण ज्यांना शंका आली तेच रांगेत उभे राहिले, तर त्या दहा लाखांवरून उरलेल्या कोट्यवधी लोकांबद्दल काहीच बोलता येत नाही. तपासायचा माणूस अशा रीतीने निवडावा लागतो की, तो आजारी आहे की ठणठणीत याचा निवडीशी काडीचाही संबंध नसेल. असे केले तर थोडी माणसेही पुरतात. हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवले जाते, पण साथीच्या धामधुमीत एखाद्या सरकारने ते खरोखर करून दाखवावे, आणि सलग तीन वर्षे चालवावे, असे फार क्वचित घडते. म्हणून हे प्रकरण मला तपशिलात जाऊन मांडावेसे वाटते.

आखणी

ब्रिटनचे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय, म्हणजे ओएनएस, यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात हे सर्वेक्षण सुरू केले. मँचेस्टर विद्यापीठ, तेव्हाची पब्लिक हेल्थ इंग्लंड ही संस्था आणि वेलकम ट्रस्टही त्यात होते. घरे निवडायला वेळ नव्हता, म्हणून सुरुवातीला एक सोय पाहिली गेली: ओएनएसच्या आधीच्या सर्वेक्षणांत भाग घेतलेली आणि 'पुन्हा संपर्क केला तरी चालेल' असे सांगितलेली कुटुंबे. अशा सुमारे २० हजार घरांना पत्रे गेली. त्यातली निम्मी तयार होतील असा हिशेब होता. जुलैअखेरपासून देशातल्या पत्त्यांच्या यादीतून थेट चिठ्ठ्या काढल्यासारखी निवड सुरू झाली. मग हेच काम वेल्स, उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये पोहोचले.

दारावर नेमके काय व्हायचे ते पाहण्यासारखे आहे. सर्वेक्षक घरात पाऊल ठेवायचा नाही. तो अंतर राखून उभा राहायचा, किट द्यायचा आणि घरातली माणसे स्वतःच घसा आणि नाक यांचा स्वॅब घ्यायची. दोन वर्षांवरील प्रत्येकाला सामील होता येत होते. बारा वर्षांखालच्या मुलांचा स्वॅब आईवडील किंवा पालक घ्यायचे. निवडक घरांतल्या मोठ्यांकडून रक्ताचा नमुनाही घेतला जाई, म्हणजे आधी होऊन गेलेल्या संसर्गाच्या प्रतिपिंडांचा (विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेल्या प्रथिनांचा) पत्ता लागे. लक्षणे आहेत का, काम काय करता, कोणाच्या संपर्कात आलात, हे प्रश्न व्हायचे. ज्यांची तयारी असेल त्यांच्याकडे पाच आठवडे दर आठवड्याला आणि मग वर्षभर दर महिन्याला फेरी. पहिल्या भेटीला ५० पौंडांचे आणि पुढच्या प्रत्येक भेटीला २५ पौंडांचे व्हाउचर होते.

व्हाउचरवर तेव्हाही बोलले गेले. माझ्या मते तो खर्च अगदी योग्य जागी झाला. ज्याला काही त्रास नाही अशा माणसाने महिनोन्‌महिने घशात काडी घालून घ्यावी, ही अपेक्षा केवळ नागरिक कर्तव्याच्या भरवशावर सोडली असती तर उरले असते ते फक्त हौशी आणि काळजीखोर लोक. आणि नेमका त्याच पक्षपातापासून दूर राहण्यासाठी तर हा सगळा खटाटोप होता.

तेहतीस माणसे

पहिला निकाल १४ मे २०२० रोजी आला. ५,२७६ घरांतल्या १०,७०५ लोकांचे स्वॅब तपासले होते. त्यात पॉझिटिव्ह निघाले ३३ जण, ३० घरांतले. एवढ्यावरून ओएनएसने सांगितले की २७ एप्रिल ते १० मे या काळात कोणत्याही एका वेळी इंग्लंडमधल्या ०.२७ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे १ लाख ४८ हजार जणांना, कोविडचा संसर्ग होता.

तेहतीस माणसांवरून दीड लाख! ऐकणाऱ्याला हे पटत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. म्हणून हिशेब सावकाश उलगडू या.

१०,७०५ पैकी ३३ म्हणजे ०.३१ टक्के. जाहीर झालेला आकडा ०.२७ आहे, कारण मध्ये भारांकन आहे. ज्या वयोगटातली किंवा ज्या भागातली माणसे नमुन्यात देशातल्या प्रमाणापेक्षा जास्त आली त्यांचे वजन कमी केले जाते, जी कमी आली त्यांचे वाढवले जाते. असा सुधारलेला टक्का घरांमध्ये राहणाऱ्या साडेपाच कोटींच्या आसपास लोकसंख्येला लावला की दीड लाखाच्या जवळ पोहोचतो. इथवर सरळ गुणाकार आहे.

महत्त्वाची गोष्ट त्याच्या पुढची. ओएनएसने १ लाख ४८ हजार हा आकडा एकटा सोडला नाही. त्याच्याबरोबर ९४ हजार ते २ लाख २२ हजार हा पल्लाही दिला. याच पद्धतीने पुन्हा पुन्हा नमुने घेतले तर शंभरातल्या पंच्याण्णव वेळा असा पल्ला खऱ्या आकड्याला पोटात घेईल, असा त्याचा अर्थ. वरचे टोक खालच्या टोकाच्या दुपटीहून जास्त आहे. वर्तमानपत्रांनी मथळ्यात मधला आकडा घेतला, पण मला विचाराल तर त्या दिवशीचा खरा निकाल तो पल्ला होता. बाधित काही हजार नाहीत आणि दहा-वीस लाखही नाहीत, एवढे त्यातून ठामपणे कळत होते. निर्बंध कसे सैल करायचे याची चर्चा चालू असताना एवढे कळणे ही मोठीच गोष्ट होती.

पल्ला इतका रुंद का? पहिले कारण तेहतीस हीच संख्या. संसर्ग विरळ असला की दहा हजार माणसे तपासूनही हाती मूठभर पॉझिटिव्ह येतात आणि एखाद-दुसऱ्या घराच्या फरकानेही टक्का हलतो. दुसरे कारण घर हेच निवडीचे एकक असण्यात आहे. एका घरातल्या चार जणांना तपासणे म्हणजे चार वेगवेगळ्या ठिकाणच्या चार जणांना तपासण्याइतकी माहिती नव्हे. एकाला लागण झाली की घरातल्या दुसऱ्यालाही होण्याची शक्यता वाढते. इथे ३३ जण ३० घरांत होते, म्हणजे गुंता फार नव्हता, पण हिशेबात तो धरावाच लागतो. मग घरे कशाला निवडायची, सुटी माणसे का नाही? कारण पत्त्यांची यादी तयार असते, एका फेरीत अनेक नमुने मिळतात आणि संसर्ग घरात कसा फिरतो हे त्यातूनच दिसते. थोडी अचूकता देऊन बरीच माहिती घेतलेला हा सौदा आहे.

याच तेहतिसांना इंग्लंडच्या नऊ प्रदेशांत वाटले तर प्रत्येकी तीन-चार येतात. तीन-चारांवरून कोणत्या प्रदेशात साथ जास्त हे सांगणे शक्य नाही. रुग्णांच्या किंवा वृद्धांच्या थेट संपर्कात काम करणाऱ्यांमध्ये १.३३ टक्के आणि इतर कामांतल्या लोकांत ०.२२ टक्के पॉझिटिव्ह, असाही निष्कर्ष त्या पहिल्या अहवालात होता. फरक डोळ्यांत भरणारा, पण पाठीमागची माणसे थोडी, त्यामुळे पल्ला फार मोठा. पल्ला निम्मा करायचा तर नमुना चौपट लागतो, हा इथला कडक नियम आहे. म्हणून ऑगस्टमध्ये सरकारने जाहीर केले की दर पंधरवड्याला तपासल्या जाणाऱ्यांची संख्या इंग्लंडमध्ये २८ हजारांवरून ऑक्टोबरपर्यंत दीड लाखावर न्यायची.

'चाचणीच चुकीची असेल तर?'

२०२० च्या उन्हाळ्यात संसर्ग खूप खाली गेला आणि एक शंका जोर धरू लागली: निरोगी लोकांना एवढ्या मोठ्या संख्येने तपासताय, तर सापडणारे बहुतेक पॉझिटिव्ह खोटेच असणार. शंका मुळात रास्त आहे. संसर्ग हजारात एकाला असेल आणि चाचणी हजारात पाच निरोग्यांना चुकून पॉझिटिव्ह ठरवत असेल, तर सहा पॉझिटिव्हांत खरा एकच.

याची झळ एका दुसऱ्या अभ्यासाला त्याच वसंत ऋतूत बसली होती. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत एप्रिलच्या सुरुवातीला ३,३३० लोकांच्या रक्तातली प्रतिपिंडे तपासली, ५० पॉझिटिव्ह आले, म्हणजे दीड टक्का. पण ज्या किटने तपासले त्याची परीक्षा संसर्ग नसल्याची खात्री असलेल्या ४०१ नमुन्यांवर झाली होती आणि त्यात २ चुकले होते. ४०१ ही संख्या इतकी लहान की चुकीचे खरे प्रमाण दीड टक्क्याच्या वरही असू शकत होते. म्हणजे पन्नासच्या पन्नास खोटे, ही शक्यताही त्या आकड्यांनी नाकारता येत नव्हती. शिवाय लोक आले होते फेसबुकवरच्या जाहिराती पाहून. आधी ताप-खोकला येऊन गेलेल्याला 'आपल्याला झाला होता का' हे जाणून घ्यायची ओढ जास्त असणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

ओएनएसकडे या शंकेला फार सुंदर उत्तर होते आणि ते त्यांच्याच आकडेवारीत पडलेले होते. ३१ जुलै ते १० सप्टेंबर या सहा आठवड्यांत २,०८,७३० नमुने तपासले गेले; पॉझिटिव्ह आले १५९. आता विरोधकाचे म्हणणे पूर्ण मान्य करू: हे सगळे १५९ खोटे आहेत, देशात एकही बाधित नव्हता. तरीही चुकीचे प्रमाण निघते ०.०७६ टक्के. म्हणजे निरोग्याला निरोगी म्हणण्यात चाचणी किमान ९९.९२ टक्के वेळा बरोबर आहे. हे वाईटातले वाईट गृहीत धरून. प्रत्यक्षात त्याहून चांगलीच असणार, कारण त्या काळात थोडे तरी खरे बाधित होतेच. हे साधायला कोणताही वेगळा प्रयोग करावा लागला नाही. संसर्ग तळाला गेला होता आणि नमुना प्रचंड होता, या दोन गोष्टींचा योग जुळला.

ऑक्टोबरअखेरीस सर्वेक्षणाने सांगितले की इंग्लंडमध्ये सुमारे शंभरात एक जण बाधित आहे. आधी काढलेली ०.०७६ टक्के चुकांची मर्यादा लावली तर त्यातले फार फार तर तेरातला एक पॉझिटिव्ह खोटा असू शकतो. आकडे केवळ चाचण्यांनी फुगले आहेत हा युक्तिवाद या सर्वेक्षणापुढे टिकत नव्हता. कारण चाचण्यांची संख्या फार तर नमुन्याला मोठा करते. त्यातला टक्का वाढवत नाही.

उलट बाजूची चूकही आहेच. स्वतः घेतलेला स्वॅब नीट घासला गेला नाही, संसर्ग अगदी कोवळा असला, की खरा बाधित निगेटिव्ह येतो. म्हणून ओएनएसचे अहवाल जपून बोलत: इतके लोक 'तपासले तर पॉझिटिव्ह येतील'. शिवाय पीसीआर, म्हणजे स्वॅबमधले विषाणूचे जनुकीय अंश शोधणारी ही चाचणी, संसर्ग ओसरल्यावरही काही काळ पॉझिटिव्ह राहते. त्यामुळे हा आकडा एका वेळी किती जण बाधित आहेत हे सांगतो, आज नव्याने किती जणांना लागण झाली हे नाही. नव्या लागणीचा अंदाज बांधायला त्याच माणसाकडे पुन्हा पुन्हा जावे लागते. काल निगेटिव्ह असलेला आज पॉझिटिव्ह कधी झाला ते टिपावे लागते. महिन्याच्या फेऱ्यांचे प्रयोजन तेच.

पुन्हा पुन्हा दारावर जाण्याने आणखी एक गोष्ट हाती आली. जुलै २०२० च्या अहवालात पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी तपासणीच्या दिवशी लक्षणे असल्याचे सांगणारे फक्त २२ टक्के होते. ज्यांना काहीच होत नाही ते चाचणी केंद्रावर येतच नाहीत. ते सापडतात ते दार ठोठावल्यावरच.

एक अनपेक्षित लाभ

प्रयोगशाळेत वापरली जाणारी पीसीआर चाचणी विषाणूच्या तीन जनुकांवर नजर ठेवत होती. २०२० च्या शेवटी पॉझिटिव्ह नमुन्यांत एक विचित्र गोष्ट वाढत्या प्रमाणात दिसू लागली: दोन जनुके सापडत होती, तिसरे, एस जनुक, सापडत नव्हते. पुढे अल्फा म्हणून ओळखल्या गेलेल्या विषाणूच्या नव्या प्रकाराची ती खूण होती. नमुना यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या काढल्यासारखा निवडलेला, असल्यामुळे या खुणेचा हिस्सा लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये किती वेगाने वाढतो आहे हे थेट मोजता आले. जानेवारी २०२१ च्या पहिल्या दिवसांपर्यंत इंग्लंडमध्ये पन्नासात एक आणि लंडनमध्ये तीसात एक बाधित असा अंदाज होता.

ज्यांनी दार उघडले नाही

आता या सर्वेक्षणाची खरी दुखरी जागा. पत्त्यांच्या यादीतून थेट निवड सुरू झाल्यावर पत्र मिळालेल्या घरांतली सामील होणारी घरे फार कमी झाली. पंधरा टक्क्यांच्याही आत. निवड यादृच्छिक होती, स्वीकार नव्हता. वय, लिंग, प्रदेश यांचे भारांकन करून जे दुरुस्त होते ते होते. पण त्याच वयाच्या, त्याच गावातल्या दोन माणसांपैकी एक दिवसभर घरून काम करतो आणि दुसरा पाळ्यांमध्ये कारखान्यात जातो. पहिला भेटीची वेळ देतो, दुसरा देऊ शकत नाही. संसर्गाचा धोका दुसऱ्याला जास्त. हा फरक वय आणि प्रदेशाच्या रकान्यांत दिसत नाही.

वृद्धाश्रम, रुग्णालये, वसतिगृहे हे सगळे आखणीतच वगळलेले होते. २०२० च्या वसंतात वृद्धाश्रमांमध्ये मृत्यूचे थैमान चालू होते आणि हे सर्वेक्षण त्याबद्दल एक शब्दही बोलू शकत नव्हते. त्यासाठी विवाल्डी नावाचा वेगळा अभ्यास करावा लागला. घरांच्या यादीवरून मोजणाऱ्याने, घर नसलेल्या किंवा घराबाहेर संस्थेत राहणाऱ्या माणसांचे काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा.

तरीही मी या आकड्यांवर विश्वास ठेवतो, तो दोन कारणांनी. न येणाऱ्यांमुळे येणारा पक्षपात आठवड्यागणिक फारसा बदलत नाही. त्यामुळे पातळी थोडी चुकली तरी चढ-उतार बरोबर दिसतात, आणि धोरण ठरवणाऱ्याला बहुधा चढ-उतारच हवा असतो. दुसरे कारण, इम्पीरिअल कॉलेजचे रिअ‍ॅक्ट सर्वेक्षण. त्याने मे २०२० ते मार्च २०२२ या काळात वेगळ्याच मार्गाने, राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या नोंदवहीतून सुटी माणसे निवडून, १९ फेऱ्या केल्या, बहुतेक फेऱ्यांत लाखभर किंवा जास्त लोकांच्या. दोघांच्या याद्या वेगळ्या, स्वॅब गोळा करण्याची रीत वेगळी, प्रतिसाद न देणारेही वेगळे. तरी साथीची चढण आणि उतार दोघांना बहुतांशी सारखेच दिसले.

मार्च २०२२

या सर्वेक्षणाची सर्वात मोठी कसोटी शेवटी शेवटी लागली. २६ मार्च २०२२ ला संपलेल्या आठवड्यात इंग्लंडमध्ये ७.६ टक्के लोक, म्हणजे तेरात एक, बाधित असल्याचा अंदाज आला. एकूण ४१ लाखांच्या आसपास. तीन वर्षांतला हा सर्वोच्च आकडा. आणि बरोबर १ एप्रिलपासून इंग्लंडमध्ये बहुतेकांसाठी मोफत चाचण्या बंद झाल्या.

नोंदवलेल्या रुग्णांचा आलेख त्यानंतर खाली आला. पण त्यातली घसरण किती खरी आणि किती फक्त किट संपल्याची? नोंदींना याचे उत्तर देता येणार नव्हते. सर्वेक्षणाला देता आले, कारण त्याच्या घरांना किट मिळतच होते आणि ती घरे लक्षणे पाहून निवडलेली नव्हती. एप्रिलमध्ये संसर्ग खरोखर उतरला, हे कळले ते त्यातूनच. दोन वर्षांपूर्वी ज्या प्रश्नावर अडले होते तोच उलटा होऊन समोर आला होता, आणि या वेळी उत्तर तयार होते.

जुलै २०२२ पासून दारावरच्या फेऱ्या थांबल्या. किट टपालाने किंवा कुरिअरने जाऊ लागले आणि प्रश्नावली ऑनलाइन किंवा फोनवर. खर्च वाचला, पण मोजण्याची रीत बदलली की आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची थेट तुलना करताना हात आखडता घ्यावा लागतो. १३ मार्च २०२३ रोजी नमुने घेणे थांबले. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात ओएनएस आणि ब्रिटनच्या आरोग्य सुरक्षा संस्थेने थोड्या काळासाठी नवा अभ्यास केला, तो घरच्या घरी करायच्या झटपट चाचणीवर आणि बऱ्याच अंशी आधीच्या सहभागींवर आधारलेला. डिसेंबर २०२३ च्या मध्यास इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये मिळून सुमारे चोवीसात एक, असा त्याचा अंदाज होता. २०२० मध्ये पहिला निकाल यायला तीन आठवड्यांपेक्षा कमी वेळ लागला, कारण तयार असलेल्या कुटुंबांची यादी आधीपासून कार्यालयात होती. २०२३ चा अभ्यासही अशाच तयार यादीच्या जोरावर उभा राहिला.